येझदीचा करंट गेलाय? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

जुनी येझदी किंवा जावा घरात आणली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक सकाळ अशी येतेच, काल संध्याकाळी मस्त फटफट करत घरी आलेली गाडी आज वीस किका मारल्या तरी हूं की चूं करत नाही. नवीन माणूस मग घाबरतो, कोणीतरी म्हणतं कॉइल गेली, कोणी म्हणतं पॉइंट बदल, कोणी म्हणतं सगळं काढून सीडीआय (पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसव, आणि महिन्याभरात सात-आठ हजार जातात आणि गाडी तशीच. माझ्याकडे काकांची 1984 ची येझदी आहे, तिच्यावर मी हे सगळं केलंय म्हणून कळकळीने सांगतोय, इग्निशनमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत, पार्ट बदलत सुटायचं नाही. करंट कुठपर्यंत येतोय आणि कुठे हरवतोय ते आधी बघायचं. प्लगपासून सुरू करायचं आणि एकेक टप्पा मागे मागे यायचं, बस.

हे सगळं पॉइंटवाल्या 250 सिंगल सिलिंडरसाठी लिहितोय, म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने बनवलेल्या जावा आणि 1973 नंतरच्या येझदी. कंपनी 1996 ला बंद पडली, त्यामुळे आज दुकानात जो 'ओरिजनल' पार्ट मिळतो त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. याचा मुद्दा पुढे कंडेन्सरपाशी येईलच.

आधी दोन मिनिटं हे समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बॅटरीतून करंट चावीतून जातो, तिथून कॉइलला, कॉइलमधून बाहेर पडून उजव्या बाजूच्या कव्हरखाली जे पॉइंट (उघडमीट करणारी धातूची दोन छोटी टोकं) असतात तिथे, आणि पॉइंट मिटलेले असले की तिथून बॉडीला म्हणजे अर्थला. क्रँकवरचा कॅम फिरून पॉइंट उघडतो, करंट झटकन तुटतो, आणि त्या तुटण्याच्या झटक्यानेच कॉइलच्या आतल्या बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. हे टू स्ट्रोक इंजिन आहे, त्यात दर फेऱ्याला ठिणगी लागते, म्हणजे इंजिन 3000 आरपीएमला असेल तर सेकंदाला 50 वेळा हे पॉइंट उघडतात. एवढं काम करणारी वस्तू आहे ती, तिला थोडी माया दाखवायलाच लागते.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पानांचा जुडगा), एक साधा मल्टिमीटर, एक नवा कोरा प्लग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेस्ट बल्ब. तो घरीच करा. गाडी 6 व्होल्टची असेल तर 6 व्होल्टचा छोटा पार्किंगचा बल्ब, 12 ची करून घेतली असेल तर 12 चा, त्याला दोन वायरी आणि वायरींना दोन चिमटे. मल्टिमीटर खूप काही सांगतो पण उन्हात रस्त्याकडेला त्याचे आकडे दिसत नाहीत, बल्ब लगेच कळतो आणि बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

पहिलं काम, पेट्रोल की करंट ते ठरवा. पाच-सहा किका मारून प्लग काढा. प्लग एकदम कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, कॉक, पाइप, कार्बोरेटर बघा, इग्निशनला हात लावू नका. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, मग पुढे चला. प्लग तेलाने चिकट काळा असेल तर ऑइल जास्त पडतंय (मी लिटरभर पेट्रोलला 40 मिली टूटी म्हणजे 2T ऑइल टाकतो, नवीन लोक भीतीपोटी 60-70 टाकतात आणि प्लग मारतात) किंवा क्लचच्या बाजूचं क्रँक सील जाऊन गिअर ऑइल आत ओढलं जातंय. त्याची खूण म्हणजे पांढरा धूर खूप आणि गिअर ऑइलची पातळी हळूहळू कमी. आणि प्लगच्या दोन टोकांमध्ये नीट बघा, उजेडात धरून बघा. टू स्ट्रोकला कधीकधी कार्बनचा केसाएवढा धागा दोन्ही टोकांना जोडून टाकतो, मग करंट उडी मारतच नाही, धाग्यातून सरळ अर्थ होतो. गाडी चालता चालता बटण दाबल्यासारखी बंद पडली असेल तर सगळ्यात आधी हेच बघायचं. नखाने काढा, गॅप 0.6 मिमी बघा, प्लग लावा, नव्वद टक्के वेळा तिथेच काम होतं.

आता ठिणगी बघू. नवा प्लग कॅपमध्ये (कॉइलकडून येणाऱ्या जाड वायरीच्या टोकाची टोपी) घाला, प्लगच्या आट्या हेडच्या फिन्सना घट्ट टेकवा, चावी ऑन, आणि किक. नवीन माणसांसाठी सांगतो, या गाडीला किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत, न्यूट्रल करा, लिव्हर आत दाबून वर उभा करा आणि मग मारा. एक काळजी घ्या, प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते, ठिणगी त्याच्या तोंडाशी धरली तर भडका होतो. भोकावर फडकं टाका आणि प्लग होईल तेवढा लांबच्या फिनवर टेकवा. आणि प्लग किंवा वायर हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, करंटला जायला जागा मिळाली नाही की तो कॉइलच्या आतूनच फुटतो आणि चांगली कॉइल त्या दिवशी मरते.

ठिणगी निळसर पांढरी, जाड, आणि 'टक टक' असा आवाज येतो अशी पाहिजे. पिवळी लालसर बारीक असेल तर ती बाहेर हवेत दिसते पण सिलिंडरमध्ये दाबाखाली पडत नाही, हा सगळ्यात मोठा फसवा प्रकार आहे, "करंट तर येतोय" म्हणून लोक कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष असतो इकडे. शंका असली तर कॅप काढून वायरीचं उघडं टोक फिनपासून 5 मिमीवर धरा, जाड रबरी हातमोजा किंवा कोरड्या लाकडी चिमट्याने धरा बरं का, हाताने नको. एवढं अंतर ठिणगी आरामात तोडत असेल तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं ठीक आहे, दोष कॅप किंवा प्लगमध्ये.

कॅपबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आपल्याकडे पावसाळा आहे. जावा-येझदीवाल्यांचा दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी असतो, म्हणजे ऐन पावसात, आणि दर वर्षी निम्म्या गाड्या कॅपपायी रस्त्याकडेला उभ्या दिसतात. कॅपला बारीक तडा असतो, त्यात ओल जाते, करंट प्लगमध्ये जायच्या ऐवजी तड्यातून हेडवर उतरतो. दिवसा दिसत नाही. रात्री अंधारात गाडी चालू करून कॅपवर थोडं पाणी शिंपडा, तडा असेल तर निळ्या मुंग्या धावल्यासारख्या दिसतात. नवीन कॅप शंभर-दोनशेला मिळते, लावताना वायरीचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून टाका म्हणजे आतली तांब्याची ताजी तार कॅपच्या स्क्रूला लागेल. जुन्या वायरीचं टोक हिरवं पडलेलं असतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

वायरीलाच ठिणगी नाही किंवा कमजोर आहे, तर आता एक पाऊल मागे. चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो ना, तो नीट प्रखर लागतोय का बघा. मिणमिणता असेल तर बॅटरी उतरलीय, या गाडीला बॅटरी मेली की इग्निशन मेलं. 6 व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर 6.3 च्या आसपास दाखवते, 6 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मग बाकीचं बघा, नाहीतर चांगल्या पार्टांवर आळ येईल. बॅटरी ठीक असेल तर कॉइलवर या. कॉइलला दोन छोटे टर्मिनल असतात, बऱ्याच कॉइलवर 15 आणि 1 असे आकडे असतात. 15 ला चावीकडून करंट येतो, 1 मधून पॉइंटकडे जातो. बल्बचा एक चिमटा बॉडीला, दुसरा 15 ला. चावी ऑन, बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर दोष चावीत, फ्यूजमध्ये किंवा मधल्या वायरीत, आणि जुन्या गाडीत फ्यूजच्या पट्ट्या गंजलेल्या असतात, पॉलिश पेपरने घासून परत लावा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

15 ला बल्ब लागला, आता तो चिमटा 1 ला लावा आणि इंजिन हळूहळू फिरवा. प्लग काढून ठेवा म्हणजे दाब येणार नाही, आणि उजव्या कव्हरखालचा मधला बोल्ट पान्याने इंजिन फिरतं त्याच दिशेला फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब लागेल, मिटले की विझेल. असं लागतोय-विझतोय झालं तर कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट जाते ती जाड तारेची गुंडाळी, बारीक तारेची ती सेकंडरी) आणि पॉइंट दोन्ही काम करतायत. कधीच विझत नसेल तर पॉइंट मिटल्यावरही जोडले जात नाहीयेत, म्हणजे मळलेत, जळलेत किंवा गॅप इतका मोठा झालाय की मिटतच नाहीत. कधीच लागत नसेल तर एकतर कॉइल आतून तुटलीय किंवा पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला चिकटलीय. पॉइंटची वायर 1 वरून सोडवा, बल्ब लागला तर कॉइल निर्दोष आहे आणि शॉर्ट पॉइंटच्या बाजूला आहे. बहुतेक वेळा पॉइंटच्या बोल्टखालचा छोटा फायबरचा वॉशर चुकीचा बसलेला असतो, पॉइंट बदलताना हमखास होणारी चूक आहे ही.

आणि हे लक्षात ठेवा, चावी ऑन ठेवून चहा प्यायला जाऊ नका. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलेलं असेल तर कॉइलमधून सतत करंट वाहतो, कॉइल तापून आतलं इन्सुलेशन जातं आणि बॅटरीही उतरते.

पॉइंट साफ करायला एमरी पेपर लोक वापरतात, मी नाही वापरत, त्याचे कण मध्ये अडकतात. बारीक पॉइंट फाइलने दोन-तीन हलके हात, मग जुनं व्हिजिटिंग कार्ड पेट्रोलमध्ये बुडवून दोन पॉइंटच्या मध्ये सरकवा, परत कोरडं कार्ड, काळं यायचं थांबेपर्यंत. नव्या पॉइंटलासुद्धा हे करायचं, त्याच्यावर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो आणि त्या थरामुळे नवीन पॉइंट टाकूनही करंट येत नाही असं पुष्कळ जणांचं होतं. कॅमला घासणाऱ्या टोकाला मोहरीएवढं ग्रीस, त्याहून जास्त नको.

मग गॅप. कॅम पॉइंटला सगळ्यात जास्त उघडतो त्या जागी इंजिन थांबवा आणि 0.4 मिमीचं पान घाला, किंचित अडखळत सरकलं पाहिजे. आता क्रँकचं टोक हाताने वर-खाली हलवून बघा. गॅप बदलताना दिसला तर त्या बाजूचं बेअरिंग गेलंय, मग तुम्ही रोज गॅप सेट केलात तरी संध्याकाळी तो बदललेला असेल, त्याला इंजिन खोलण्याशिवाय उपाय नाही, उगाच पॉइंटला शिव्या देऊ नका. आणि पॉइंटच्या प्लेटवर ओलसर तेल साचत असेल तर त्या बाजूचं सील बघा.

गॅप झाल्यावरच टायमिंग, उलटं नाही, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं. या गाड्यांना पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या साधारण 3 मिमी आधी पॉइंट उघडायला लागतात, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिमीमध्येच असतो तो घ्या. प्लगच्या भोकातून डायल गेज लावला तर उत्तम, नाहीतर व्हर्निअरची डेप्थची दांडी. सायकलच्या स्पोकवर खुणा करून पण लोक करतात पण भोक तिरकं असेल तर माप फसतं आणि स्पोक अडकून पिस्टनला ओरखडा गेला तर रडायची वेळ, सैल धरा आणि हळू फिरवा. पिस्टन टोकाला आणा, शून्य धरा, मग 5-6 मिमी उलटं मागे न्या आणि परत सरळ दिशेने पुढे आणत आणत नेमक्या आकड्यावर थांबा, म्हणजे मधली ढील निघून जाते. कॉइलच्या 1 नंबरला बल्ब लावलेलाच आहे. तो बरोबर त्या जागी लागला पाहिजे. आधीच लागला तर टायमिंग लवकर, उशिरा लागला तर लेट, पॉइंटच्या प्लेटचे स्क्रू ढिले करून प्लेट केसभर फिरवा आणि परत बघा. तीन-चार वेळा करावं लागतं, घाई नको.

टायमिंग फार लवकर असेल तर किक उलटी मारते, नडगी फुटते, चढावर इंजिन खडखडतं आणि असंच चालवत राहिलात तर पिस्टनला भोक पडतं. लेट असेल तर गाडी जड ओढते आणि इंजिन व सायलेन्सर नको तेवढे तापतात. एक गंमत नव्या लोकांना माहीत नसते, टू स्ट्रोक इंजिन उलटं पण चालू शकतं. चुकीच्या टायमिंगला किक उलटी बसली आणि इंजिन उलट्या दिशेने धरलं तर आवाज जवळपास तसाच येतो आणि पहिला टाकल्यावर गाडी मागे जाते. असं झालं तर लगेच चावी बंद करा.

आता कंडेन्सर, यानेच मला सगळ्यात जास्त छळलंय म्हणून इथे जरा थांबतो. कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडतात तेव्हा करंटला तिथे उडी मारू द्यायची नाही, स्वतःमध्ये घ्यायचं, म्हणजे करंट झटकन तुटतो. तो कमजोर झाला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, प्लगची ठिणगी पिवळी पडते, पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड तयार होतं. कव्हर काढून संध्याकाळच्या अंधारात किक मारून बघा, पॉइंटवर अगदी बारीक ठिणगी चालते, वेल्डिंगसारखी पांढरी निळी चमक दिसली तर कंडेन्सर गेला.

पण बिघडलेला कंडेन्सर गार असताना बऱ्याचदा ठीक वागतो. माझी गाडी सकाळी पहिल्या किकला चालू व्हायची, वीस मिनिटांनी मिसिंग मारायला लागायची, मग बंद, अर्धा तास सावलीत उभी केली की परत पहिल्या किकला चालू. एका गॅरेजवाल्याने कॉइल बदलायला लावली, तेच. मग दुसऱ्या कॉइलचे पैसे गेले, तेच. शेवटी खंबाटकी घाटात बंद पडली तेव्हा मी थांबलोच नाही, गरम असतानाच कव्हर काढलं, आणि कंडेन्सरचा स्क्रू हाताने फिरला. ढिला होता, खाली तेलाचा चिकट काळा थर, म्हणजे कंडेन्सरची बॉडी नीट अर्थच होत नव्हती, गरम होऊन प्लेट पसरली की तेवढापण अर्थ जायचा. फडक्याने पुसलं, चाकूने खालची जागा पांढरी होईपर्यंत खरवडली, स्क्रू आवळला, आणि गाडी न थांबता घरी आली. म्हणून सांगतो, गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गरम असतानाच तपासायची. थंड झाल्यावर सगळं बरोबरच दिसतं.

अशा वेळी क्रम असा ठेवा. गाडी बंद पडल्या पडल्या सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडून परत किक मारा. 'सूं' करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इग्निशनचा काही संबंध नाही, लक्षणं मात्र अगदी सेम दिसतात. नाही चालू झाली तर तिथल्या तिथे ठिणगी बघा. ठिणगी जाड आहे तर पेट्रोलकडे जा. पिवळी आहे किंवा नाहीच तर कंडेन्सर बदलून बघा, आणि कंडेन्सरने फरक पडला नाही तरच कॉइलवर संशय घ्या. 6 व्होल्टची कॉइल मीटरने मोजली तर प्रायमरी एक-दोन ओहम, सेकंडरी काही हजार ओहम दाखवते, पण तीही गरम असतानाच मोजा.

नवीन कंडेन्सर बाजारात अगदी स्वस्तात मिळतात आणि त्यातले बरेच पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच जातात, म्हणून मी एकावेळी तीन घेतो. आणखी चांगला उपाय म्हणजे जुन्या पॉइंटवाल्या चारचाकीच्या डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर. 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरडच्या मधला कुठलाही चालतो. तो आत इंजिनच्या उष्णतेत न बसवता बाहेर कॉइलशेजारी फ्रेमला रंग खरवडून स्क्रूने आवळायचा आणि त्याची वायर कॉइलच्या 1 नंबरला जोडायची, आतला जुना सोडवून टाकायचा. पुण्यात जुन्या बाजारात असले पार्ट अजून सापडतात. माझ्या गाडीवर असा बसवून चार पावसाळे झाले.

आरएक्स 100 किंवा उशिराची सीडीआयवाली येझदी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, गॅप हे काही नाही, प्लग आणि कॅपपर्यंतचं सगळं मात्र वरचंच. त्यापुढे किल स्विच आणि चावीकडून येणारी बंद करायची वायर आधी सोडवून बघा, ती कुठे घासून बॉडीला लागली की करंट पूर्ण जातो. मग अर्थची वायर, मग कनेक्टरमधला हिरवा गंज. सीडीआय बॉक्स घरी तपासायची नीट सोय नाही, ओळखीच्या कोणाच्या चालत्या गाडीचा पाच मिनिटं लावून बघणं हाच खरा मार्ग, विकत घेऊन बघू नका.

लांब जाताना सीटखाली एवढं ठेवा: गॅप करून ठेवलेला नवा प्लग, एक कॅप, एक कंडेन्सर, पॉइंटचा एक सेट पेट्रोलने आधीच पुसून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला, 0.4 चं एकच पान फिलर गेजमधून सुटं काढून, टेस्ट बल्ब, कोरडं फडकं आणि ते व्हिजिटिंग कार्ड. कंडेन्सरवर चिकटपट्टी लावून कधी घेतला ती तारीख पेनाने लिहा, आणि घरी एकदा गाडीवर लावून चालवून बघितलाय की नाही तेही लिहा, कारण घाटात काढलेला कोरा कंडेन्सर आतूनच मेलेला निघणं हे माझ्या एका मित्राबरोबर वरंध घाटात झालंय आणि तिथून टेम्पो मिळायला संध्याकाळचे सात वाजले होते.